विल्मा रुडॉल्फ : हरिणी नव्हे, माणूस

गेल्या जून महिन्यात एका वस्तीतल्या विहारात दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांचा गुणगौरव होता. पाहुणे म्हणून आम्हालाही बोलावले होते. प्रमुख वक्त्यांनी मुलांना अमेरिकेच्या विल्मा रुडॉल्फची गोष्ट सांगितली. पाय लुळा पडलेली एक गरीब मुलगी, डॉक्टरांनी आशा सोडलेली, पण तिच्या आईने धीर दिला, तिने जिद्द धरली आणि ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली. तात्पर्य, इच्छाशक्ती असेल तर माणूस काहीही करू शकतो. टाळ्या पडल्या. पुष्पगुच्छ वाटून झाले.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी वक्त्यांजवळ आली. सगळ्यांना पाणी वाटत होती तीच. जिल्हा पातळीवर चारशे मीटर धावते, असे कोणीतरी सांगितले. तिचा सत्कार झाला नव्हता, कारण धावण्याचे गुण गुणपत्रिकेत दिसत नाहीत. तिने एवढेच विचारले, की पदके मिळाल्यावर त्या बाईला नोकरी लागली का. वक्ते हसले आणि गाडीकडे निघाले. आम्हालाही उत्तर देता आले नाही.

ते उत्तर शोधायचे म्हणून आम्ही विल्माचे चरित्र मुळापासून वाचले. वकिलीच्या धंद्यात एक सवय लागते. साक्षीदार काय सांगतो यापेक्षा तो काय सांगायचे टाळतो, तिकडे कान द्यावा लागतो. विल्माच्या बाबतीत जगभरच्या वर्तमानपत्रांनी दिलेली साक्ष तशी तपासली, तर जे गाळले गेले तेच मोठे आहे. ते आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

विल्माचा जन्म २३ जून १९४० रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील टेनेसी राज्यात, क्लार्क्सव्हिल या गावाजवळ झाला. दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या या मुलीचे वजन जेमतेम दोन किलो. वडील एड रुडॉल्फ रेल्वेत हमाली करत आणि मिळेल ते काम करत. आई ब्लांश गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी-स्वयंपाक करायची. वडिलांच्या दोन लग्नांची मिळून बावीस मुले आणि त्यांत विल्मा विसावी. न्यूमोनिया झाला, लालज्वर झाला, आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास पोलिओने डावा पाय निकामी केला. पोलिओची लस यायला तेव्हा आणखी दहा वर्षे होती.

इथे आमचे वक्ते थेट जिद्दीवर आले होते. आपण जरा थांबू. त्या काळी दक्षिणेत काळ्यांची शाळा वेगळी, दवाखाना वेगळा, बसमधली बाके वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. हा सगळा प्रकार कायदेशीर होता. सोयी वेगळ्या असल्या तरी त्या समान असल्या म्हणजे घटनेचा भंग होत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली प्लेसी खटल्यात देऊन ठेवला होता. वेगळे ते कधीच समान नसते, हे गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाला न्यायमूर्तींनी शिकवायला नको. क्लार्क्सव्हिलमध्ये काळ्या मुलीच्या पायावर उपचार करणारी सोय नव्हती. ती होती ऐंशी किलोमीटरवरच्या नॅशव्हिल शहरात, मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयात. गुलामीतून सुटलेल्या लोकांसाठी १८७६ साली सुरू झालेली ही संस्था.

ब्लांश आपल्या लेकीला घेऊन बसच्या मागच्या बाकावर बसून आठवड्यामागून आठवडे नॅशव्हिलला जात राहिली. असे सुमारे दोन वर्षे चालले. मेहॅरीतल्या डॉक्टरांनी तिला पायाची मालिश कशी करायची ते शिकवले. तिने ते मोठ्या मुलांना शिकवले. मग घरात पाळी लागली. दिवसातून चार-चार वेळा कोणी ना कोणी विल्माचा पाय चोळत बसायचे. लोखंडी पट्ट्यांचा आधार, मग खास बनवलेला बूट, आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ती कोणत्याही आधाराशिवाय चालू लागली.

याला पत्रकारांनी चमत्कार म्हटले. आपण चमत्कार न मानणारी माणसे आहोत. चमत्कार म्हटले की हिशेब द्यावा लागत नाही. इथे हिशेब स्पष्ट आहे. एका मोलकरणीचे बसभाडे, भावंडांच्या हातांची मेहनत आणि दलितपीडितांसाठी उभी राहिलेली एक वैद्यकीय संस्था, एवढ्यांनी मिळून तो पाय उभा केला. ती संस्था नसती तर विल्माची इच्छाशक्ती आहे तेवढीच असूनही ती आयुष्यभर अंथरुणाला खिळली असती. जिद्दीची गोष्ट सांगणारे आईला देव्हाऱ्यात बसवतात, पण तिच्याच गावात दवाखाना का नव्हता हे विचारत नाहीत.

विल्मा क्लार्क्सव्हिलच्या बर्ट शाळेत शिकली. ही काळ्यांची शाळा. तिथे ती बास्केटबॉल खेळू लागली. लांब टांगा, सतत इकडून तिकडे भिरभिरणारी, म्हणून प्रशिक्षक क्लिंटन ग्रे यांनी तिचे नाव डासावरून ठेवले. एका सामन्यात एड टेम्पल यांनी तिला पाहिले. टेम्पल हे नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत आणि मुलींच्या धावपटू संघाला तयार करत. टायगरबेल्स हे त्या संघाचे नाव. सुटीत शाळकरी मुलींना बोलावून ते सराव घेत. विल्मा त्यांत दाखल झाली.

हा संघ कसा चालत होता, तेही पाहण्यासारखे आहे. मुलांच्या फुटबॉल संघाला मिळणाऱ्या पैशापुढे मुलींच्या वाट्याला येणारा पैसा म्हणजे उष्टे-खरकटे. शिष्यवृत्ती नाही. मुलींनी विद्यापीठात रोज काही तास काम करायचे आणि त्यावर शिक्षण भागवायचे. स्पर्धेला जायचे तर टेम्पल स्वतःची मोटार काढत. शिदोरी बांधून घ्यावी लागे, कारण वाटेवरच्या खाणावळीत काळ्यांना वाढत नसत. लघवीला जायचे तरी रस्त्याकडेच्या झाडीत जावे लागे, कारण पेट्रोल पंपावरची स्वच्छतागृहे गोऱ्यांसाठी. देशासाठी धावणाऱ्या मुलींची ही अवस्था होती.

मग अमेरिकेच्या मुलींच्या संघात काळ्या मुलीच एवढ्या पुढे कशा, असा प्रश्न पडेल. त्याचे कारण रक्तात नाही. गोऱ्यांच्या कॉलेजांतून त्या काळी मुलींनी चुरशीने धावणे, घाम गाळणे हे कुलीन स्त्रीला न शोभणारे मानले जाई. बाईने टेनिस खेळावे, पोहावे, सुंदर दिसावे. धावणे हे बायकी नाही. ज्या कामाला प्रतिष्ठा नाही ते काम खालच्यांकडे ढकलायचे, ही जगभरच्या उतरंडीची रीत. मैदानाचा हा टाकलेला कोपरा टस्कीगी आणि टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीय संस्थांनी उचलला आणि तिथून सोने काढले. १९४८ साली लंडनमध्ये उंच उडीत सुवर्णपदक मिळवणारी ॲलिस कोचमन ही ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तीही टस्कीगीत घडलेली.

विल्मा १९५६ साली सोळाव्या वर्षी मेलबर्न ऑलिम्पिकला गेली. दोनशे मीटरमध्ये प्राथमिक फेरीतच बाद झाली, पण चार बाय शंभर मीटर रिलेत कांस्यपदक मिळाले. पुढच्या दोन वर्षांत तिच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट घडली, जी गौरवकथा सांगणारे घाईने ओलांडतात. १९५८ साली, शाळेचे शेवटचे वर्ष संपता संपता, ती आई झाली. लग्न झालेले नव्हते. मुलीचे नाव योलांडा. आई झालेल्या मुलीला संघात घ्यायचे नाही असा टेम्पल यांचा नियम होता. विल्मासाठी त्यांनी तो बाजूला ठेवला. बाळ घरच्यांनी सांभाळले आणि ती त्याच वर्षी विद्यापीठात दाखल झाली. अशा मुलीचे शिक्षण त्या घटकेला संपवणे हा आपल्याकडेही शिरस्ता आहे. बाप झालेल्या मुलाचे शिक्षण कोणी थांबवत नाही. एका घराने आणि एका शिक्षकाने त्या वेळी दार लावले असते, तर रोमची तीन पदके झाली नसती.

आता रोमकडे जाण्याआधी १९२८ सालचे ॲमस्टरडॅम पाहू, कारण बायकांच्या धावण्याला वर्तमानपत्रांनी काय केले ते तिथे उघड दिसते. त्या वर्षी ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना पहिल्यांदा मैदानी स्पर्धांत प्रवेश मिळाला. त्यांत आठशे मीटरची शर्यत होती. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. जर्मनीची लिना राड्के २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिली आली, जपानची किनुए हितोमी दुसरी. शर्यत संपल्यावर काही जणी दमून बसल्या, आडव्या झाल्या. पुरुषही तसेच होतात. पण वर्तमानपत्रांनी बायका पटापट कोसळल्या, शर्यत अर्धवट सोडली, त्यांच्या नाजूक देहाला हे झेपत नाही, अशी वर्णने छापली. काही बातम्यांत धावणाऱ्यांचा आकडासुद्धा चुकीचा होता. त्या बातम्यांच्या जोरावर स्त्रियांची आठशे मीटर शर्यत ऑलिम्पिकमधून काढून टाकण्यात आली. ती परत आली थेट १९६० साली. मधल्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांनी दोनशे मीटरच्या पलीकडे एकटीने धावायचेच नाही, असा दंडक राहिला. खोट्या साक्षीवर निकाल लागला आणि बत्तीस वर्षे अपील चालले नाही.

१९६० सालचे रोम. सगळ्या खेळाडूंत स्त्रिया शेकडा अकराच्या आसपास. भारताच्या पथकात तर एकही स्त्री नव्हती. याच मैदानावर मिल्खा सिंग चारशे मीटरमध्ये चौथे आले, ते आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्याच आठवड्यात विल्मा धावत होती. वीस वर्षांची, जवळपास सहा फूट उंच. जुलैमध्येच तिने दोनशे मीटरचे अंतर २२.९ सेकंदांत कापून जागतिक विक्रम केला होता. शंभर मीटरच्या शर्यतीपूर्वी सरावात एका खड्ड्यात पाय जाऊन घोटा मुरगळला. तरी २ सप्टेंबरला तिने शंभर मीटर ११ सेकंदांत जिंकले. पाठीवरचा वारा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असल्यामुळे तो विक्रम धरला गेला नाही. उपांत्य फेरीत मात्र ११.३ सेकंदांची वेळ देऊन तिने जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. ५ सप्टेंबरला दोनशे मीटर २४ सेकंदांत जिंकले. त्यानंतर रिले. मार्था हडसन, लुसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि शेवटी विल्मा. चौघीही टेनेसी स्टेटच्या, चौघीही टेम्पल यांच्या हाताखालच्या. शेवटचा दांडा हाती घेताना घोळ झाला, जर्मनीची धावपटू पुढे निघाली. विल्माने तिला गाठले आणि मागे टाकले. एका ऑलिम्पिकमध्ये मैदानी स्पर्धांची तीन सुवर्णपदके मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री ठरली.

रोमच्या स्पर्धा दूरचित्रवाणीने मोठ्या प्रमाणावर दाखवलेल्या पहिल्या ऑलिम्पिक स्पर्धांपैकी होत्या. युरोपात त्या थेट दिसल्या, अमेरिकेत चित्रफिती विमानाने नेऊन त्याच दिवशी दाखवल्या गेल्या. विल्माचे नाव एका आठवड्यात जगाला माहीत झाले. आता पत्रकारांनी काय लिहिले ते पाहा. इटलीच्या वर्तमानपत्रांनी तिला काळी हरिणी म्हटले. फ्रान्समध्ये ती काळा मोती झाली. तिच्या उंचीचे, पायांचे, चालीचे, हास्याचे वर्णन झाले. संघातल्या एका धावपटूशी तिचे नाव जोडून रकाने भरले. योलांडा मात्र त्या गौरवकथांत सहसा दिसत नाही, कारण चित्रात एक निष्पाप तरुणी हवी होती. आणि ती तरुणी आपल्या गावच्या खाणावळीत पाऊल टाकू शकत नाही, ही ओळ तर सोन्याच्या बातमीत कोठेच मावत नव्हती.

हरिणी म्हणण्यात काय वाईट, असे कोणी विचारील. हरिण सुंदर असते, वेगवान असते. पण हरिणाला सराव करावा लागत नाही. ते जन्मतःच धावते. माणसाला हरिण म्हटले की त्याची मेहनत, त्याचे डोके, त्याचा शिक्षक, त्याचे विद्यापीठ, सगळे पुसले जाते आणि उरतो तो फक्त देह. कृष्णवर्णीय पुरुषांनाही जनावरांच्या उपमा मिळाल्याच. पण कृष्णवर्णीय स्त्रीच्या वाट्याला दुहेरी आले. काळी म्हणून जनावर आणि बाई म्हणून शोभेची वस्तू.

या कौतुकाची दुसरी बाजू आणखी कडू आहे. विल्मा स्त्रीसारखी दिसते, असे सांगून तिची स्तुती करताना पत्रकार इतर स्त्री खेळाडूंना झोडपत होते. त्याच स्पर्धेत सोव्हिएत रशियाच्या तमारा आणि इरिना या प्रेस भगिनींनी एकेक सुवर्णपदक जिंकले. त्यांच्या वाट्याला टिंगल आली. या बायका आहेत की पुरुष, अशी कुजबूज छापून येऊ लागली. १९६६ पासून मोठ्या स्पर्धांत स्त्रियांची लिंगतपासणी सुरू झाली आणि १९६८ पासून ऑलिम्पिकमध्येही. बाई किती बायकी दिसते यावर तिचे कौतुक करणारी नजरच पुढे तपासणीच्या खोलीत नेते. तमिळनाडूची सान्थी सौंदरराजन ही वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित आईबापांची मुलगी. २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत आठशे मीटरमध्ये तिने रौप्यपदक मिळवले. लिंगतपासणीचे निमित्त करून ते काढून घेण्यात आले आणि तिच्या शरीराची खासगी गोष्ट दूरचित्रवाणीवरून घराघरात पोहोचली. शर्यत पुन्हा तीच, आठशे मीटरची.

रोमहून विल्मा मायदेशी परतली. क्लार्क्सव्हिलने तिच्या स्वागताची तयारी चालवली. टेनेसीचे राज्यपाल ब्युफर्ड एलिंग्टन हे काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्याची भूमिका घेऊन निवडून आलेले. रिवाजानुसार मिरवणुकीत आणि मेजवानीत गोरे वेगळे आणि काळे वेगळे असणार होते. वीस वर्षांच्या विल्माने निरोप पाठवला, की असे असेल तर आपण येणार नाही. ज्या गावाला तिच्या पदकांचा मान मिरवायचा होता, त्या गावापुढे तिने ही अट ठेवली. गाव नमले. ४ ऑक्टोबर १९६० रोजी निघालेली मिरवणूक आणि रात्रीची मेजवानी हा क्लार्क्सव्हिलच्या इतिहासातला काळे-गोरे एकत्र असलेला पहिला सार्वजनिक कार्यक्रम ठरला. मेजवानीला हजाराहून अधिक माणसे एका छताखाली जेवली.

महाडला १९२७ साली पाण्यासाठी उतरलेल्या माणसांच्या नातवंडांना या जेवणाचा अर्थ समजावून सांगायला नको. आमच्या मते विल्माची चौथी शर्यत ही होती आणि तीच सर्वांत अवघड. रोममध्ये हरली असती तर एक पदक गेले असते. इथे हटली असती तर पदकांना अर्थ राहिला नसता. पण चरित्राच्या चार ओळींत ही शर्यत गाळली जाते. आमच्या विहारातल्या वक्त्यांनीही ती गाळली.

त्याच वर्षी फेब्रुवारीपासून नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहांत शांतपणे जाऊन बसत होते, मार खात होते, तुरुंगात जात होते. मे महिन्यात तिथली काही उपाहारगृहे खुली झाली. या आंदोलनात टेनेसी स्टेटचेही विद्यार्थी होते. विल्माची अट हवेतून आलेली नव्हती. तिच्या मागे एक चळवळ होती.

अमेरिकेच्या सरकारला मात्र ती वेगळ्या कामासाठी हवी होती. रशियाशी शीतयुद्ध चालू होते. अमेरिकेत काळ्यांवर अन्याय होतो, हा रशियाचा प्रचार खोडून काढायला हसरी विल्मा उपयोगी पडत होती. सदिच्छादूत म्हणून तिला परदेशी पाठवले गेले. १९६३ च्या वसंतात ती पश्चिम आफ्रिकेच्या अशाच दौऱ्यावरून परतली आणि काही आठवड्यांतच आपल्या गावच्या एका उपाहारगृहासमोर निदर्शकांत उभी राहिली, कारण तिथे तिला आणि तिच्या लोकांना आत घेत नव्हते. परदेशात देशाची समता मिरवणारी स्त्री आपल्या गावात चहाच्या कपाला पारखी होती. लवकरच गावाच्या महापौरांनी सार्वजनिक ठिकाणे सर्वांना खुली होतील असे जाहीर केले. सगळ्या देशासाठी नागरी हक्कांचा कायदा झाला १९६४ साली. कायदा येण्याआधी कोणीतरी दारात उभे राहावे लागते, हे आम्ही रोजच्या कोर्टकामात पाहतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. नोकरी लागली का?

विल्माने १९६१ साली श्टुटगार्टमध्ये शंभर मीटरचा ११.२ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. अमेरिकेतल्या सर्वोत्तम हौशी खेळाडूचा सुलिव्हन पुरस्कार तिला मिळाला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी भेटीला बोलावले. आणि १९६२ साली, अवघ्या बावीसाव्या वर्षी, तिने धावणे थांबवले. हौशी खेळाडूंच्या नियमामुळे धावून एक पैसाही घेता येत नव्हता. पदके घेऊन किराणा दुकानात जाता येत नाही. पुरुषांनाही तो नियम होता, पण पुरुषाला बाहेर पडायला दार होते. रोमलाच मुष्टियुद्धाचे सुवर्ण जिंकलेला कॅशियस क्ले, पुढचा मुहम्मद अली, ऑक्टोबरमध्येच व्यावसायिक झाला. १९६४ साली पुरुषांचे शंभर मीटर जिंकणारा बॉब हेज व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला. स्त्रीसाठी असे एकही दार नव्हते.

१९६३ साली ती पदवीधर झाली आणि क्लार्क्सव्हिलच्या ज्या प्राथमिक शाळेत ती शिकली त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागली. बर्ट शाळेत तिने मुलींना धावणेही शिकवले. म्हणजे नोकरी लागली. प्राथमिक शिक्षिकेची. जगातली सर्वांत वेगवान स्त्री मास्तरकीच्या पगारावर घर चालवू लागली. पुढे चार मुले, दोन लग्ने, दोन्ही मोडलेली. नोकरीच्या शोधात इंडियाना, मेन, डेट्रॉइट, लॉस एंजेलिस, शिकागो अशी गावे बदलावी लागली. १९७७ साली तिने आत्मचरित्र लिहिले, त्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट झाला. १९८१ साली इंडियानापोलिसला स्वतःच्या नावाची संस्था काढून गरीब वस्त्यांतल्या मुलांना खेळ शिकवायला सुरुवात केली. १२ नोव्हेंबर १९९४ रोजी मेंदूच्या कर्करोगाने तिचे निधन झाले. वय फक्त ५४. आज क्लार्क्सव्हिलमधला एक मोठा रस्ता तिच्या नावाने आहे, पुतळा आहे, २००४ साली टपाल तिकीटही निघाले. मेल्यावर रस्त्याला नाव देणे स्वस्त पडते.

तिच्या मागून आलेल्या वायोमिया टायसचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तीही टायगरबेल्सपैकी. १९६४ आणि १९६८ अशा लागोपाठच्या दोन ऑलिम्पिकमध्ये तिने शंभर मीटर जिंकले. असे करणारी ती जगातली पहिली व्यक्ती, स्त्री-पुरुष दोन्ही धरून. पुरुषांत हे पहिल्यांदा जमले ते कार्ल लुईसला, १९८८ साली. लुईसचे नाव आपल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. टायसचे नाव आमच्यापैकी किती जणांनी ऐकले होते? एड टेम्पल यांच्या हाताखालून चाळीस ऑलिम्पिक खेळाडू आणि तेवीस पदके बाहेर पडली. त्यांच्यावर किती रकाने लिहिले गेले?

विल्माला जे मिळाले नाही ते पुढच्या मुलींना मिळाले ते कायद्याने. १९७२ साली अमेरिकेत एक छोटेसे कलम आले. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेद करता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. मूळ इंग्रजीत अवघे सदतीस शब्द आणि त्यांत खेळ हा शब्दही नाही. पण त्याच्या आधाराने मुलींनी मैदान मागितले, प्रशिक्षक मागितले, शिष्यवृत्ती मागितली आणि न मिळाल्यास कोर्टात गेल्या. आपल्या घटनेचे कलम १५ लिंगावरून भेद करायला मनाई करते आणि स्त्रियांसाठी खास तरतूद करायची मुभाही देते. बाबासाहेबांनी हत्यार दिलेले आहे. मैदानासाठी ते आपण किती वेळा उचलले, हा प्रश्न आम्ही वकील मंडळींनी स्वतःला विचारायला हवा.

आज चित्र बदलले नाही असे नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा स्त्री आणि पुरुष खेळाडूंना सारख्या जागा देण्यात आल्या. पण जागा मिळाल्या म्हणून नजर बदलली असे होत नाही. २०२१ साली टोकियोत भारतीय महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडले गेले, तिच्या कुटुंबाला जातिवाचक शिवीगाळ झाल्याची पोलिसांत तक्रार झाली. त्याच स्पर्धेत तिने एका सामन्यात तीन गोल केले होते. जिंकली की देशाची लेक आणि हरली की जात. आमच्या नाशिक जिल्ह्यातली आदिवासी धावपटू कविता राऊत हिला वर्तमानपत्रांनी सावरपाडा एक्स्प्रेस केले. सावरपाड्यात तिच्या सरावाच्या काळात धावपट्टी होती का, खायला काय होते, बूट कोणी दिले, हे त्या मथळ्याखाली किती वेळा छापले गेले? हरिणीची आता आगगाडी झाली, एवढाच फरक.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. मुलींच्या खेळाची बातमी देणाऱ्याने आधी वेळ आणि अंतर लिहावे, मग तिचे प्रशिक्षक, मैदान, खुराक आणि नोकरी यांची चौकशी करावी. तिचा रंग, केस, लग्न, बाप आणि नवरा सगळ्यांत शेवटी, आणि गरज असेल तरच. वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी गुणगौरवाच्या यादीत गुणपत्रिकेबरोबर मैदानही धरावे. आणि ज्यांना व्यासपीठावरून विल्माची गोष्ट सांगायची आहे, त्यांनी ऐंशी किलोमीटरवरचा दवाखाना, बसचे मागचे बाक आणि चार ऑक्टोबरचे जेवण यांसकट सांगावी. अर्धी गोष्ट ऐकलेली मुलगी आपण हरलो की आपलीच जिद्द कमी पडली असे समजते. पूर्ण गोष्ट ऐकलेली मुलगी धावपट्टी मागते.

त्या मुलीला आम्ही उत्तर पाठवले आहे. नोकरी लागली, पण तिच्या धावण्याच्या मोलाची नाही. ते मोल तिच्या देशाने चुकते केले नाही. तुझे आम्ही बुडू देणार नाही, असे लिहिण्याआधी हात थबकला, कारण आश्वासन देऊन निघून जाणारे वक्ते तिने पाहिले आहेत. म्हणून एवढेच लिहिले, की तालुक्याच्या मैदानावर मुलींना सरावाची वेळ मिळावी यासाठीचा अर्ज आम्ही तयार केला आहे. त्यावर सही करायला तिने आपल्या आईला घेऊन यावे.